एआयचा धोका आणि अर्थशास्त्र: एकाच वादात अडकलेले तीन प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरातलं वर्कशॉप असो, विद्यापीठाचं कँटीन असो की गंगावेशीतला दूधकट्टा, कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा वाद हल्ली साधारण एकाच वळणानं जातो. एकजण म्हणतो, "हे यंत्र सगळ्यांच्या पोटावर पाय देणार, आणि उद्या आपल्या हातातही राहणार नाही." दुसरा, बहुधा कॉमर्स शिकवणारा, म्हणतो, "अहो, इचलकरंजीत यंत्रमाग आला तेव्हाही हेच बोललं गेलं असेल. पुढं गाव वाढलं की नाही?" पहिला आवाज चढवतो, दुसरा पुस्तकाचा दाखला देतो आणि गाडी तिथंच रुतते.

दोघंही मनापासून बोलत असतात. पण पहिल्याच्या एका वाक्यात दोन वेगळे दावे आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर त्यातल्या एकालाच लागू पडतं. नीट सोडवून पाहिलं तर या वादात तीन प्रश्न आहेत. माणसाच्या कामाचं आणि मजुरीचं काय होईल? हे सगळं किती वेगानं होईल? आणि यंत्र माणसाच्या ताब्यात राहील का? माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या प्रश्नावर अर्थशास्त्राचा पाया पक्का आहे. दुसऱ्यावर अर्थतज्ज्ञांतच फूट आहे. तिसऱ्यासाठी त्यांच्याकडं चांगली अवजारं आहेत, पण वाद घालताना लोक नेमकं चुकीचं अवजार उचलतात आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या प्रश्नावर फेकतात.

कामाची रास ठरलेली नसते

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला. संस्थानिक नारायणराव घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. यंत्रमागावर एका माणसाच्या हातून हातमागापेक्षा कितीतरी जास्त कापड निघतं, म्हणजे तेवढ्याच कापडाला कमी विणकर लागतात. जगात जेवढं कापड लागतं तो आकडा कायमचा ठरलेला असता, तर गावात बेकारी माजली असती. तसं झालं नाही. कापड स्वस्त झालं की लोक जास्त कापड घेतात. मग सूत आणणारे, सायझिंगवाले, प्रोसेसवाले, माग दुरुस्त करणारे, व्यापारी, हमाल अशी नवी साखळी उभी राहते. कामाची एक ठरावीक रास आहे आणि यंत्रानं त्यातलं थोडं उचललं की माणसाला तेवढं कमी उरतं, ही समजूत चुकीची आहे, हे अर्थतज्ज्ञ दोनशे वर्षं सांगत आलेत आणि ते बरोबर आहे. विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली, तसा इंग्लंडचा कोळशाचा एकूण वापर घटायच्या ऐवजी वाढला.

दुसरा दाखला डेव्हिड रिकार्डो यांचा, १८१७ चा. त्यांचे मूळ आकडे एकदा हातानं मांडून बघावेत असे आहेत. पोर्तुगालला वर्षभरात ठरावीक कापड काढायला ९० माणसं लागतात आणि ठरावीक वाइन काढायला ८०. इंग्लंडला तेच कापड १०० माणसांत आणि तीच वाइन १२० माणसांत पडते. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही पोर्तुगालनं दुप्पट वाइन काढली तर त्याची १६० माणसं लागतात. इंग्लंडनं दुप्पट कापड काढलं तर २००. मग एकमेकांत अदलाबदल केली की दोन्ही देशांना पूर्वीइतकंच कापड आणि पूर्वीइतकीच वाइन मिळते, शिवाय पोर्तुगालची १० आणि इंग्लंडची २० माणसं मोकळी होतात. सगळ्याच कामांत कच्च्या असलेल्यालाही व्यापारात जागा असते, हा तुलनात्मक लाभाचा नियम.

एआयला हा नियम असा लावतात: यंत्र सगळंच माणसापेक्षा चांगलं करू लागलं, तरी चिप, वीज आणि यंत्राचा वेळ अमर्याद नसणार. मग ते जिथं सगळ्यात जास्त मोल आहे तिथं वापरलं जाईल आणि बाकीची कामं माणसाकडं राहतील. युक्तिवादात चूक नाही.

पण नियम काय सांगत नाही, तेही बघायला हवं. माणसाला काम उरेल एवढंच तो सांगतो. त्या कामाची मजुरी किती असेल, त्यावर घर चालेल का, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. समजा, शाहूपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्या क्लार्कला महिना पंधरा हजार मिळतात. तेच काम यंत्र दीड हजारात करू लागलं आणि अशी यंत्रं हवी तितकी मिळू लागली, तर त्या कामाचा भाव दीड हजाराच्या वर टिकणार नाही. क्लार्कचा तुलनात्मक लाभ कुठंतरी शिल्लक असेलच. त्याचा भाव जगण्यापुरता असेल की नाही, हा वेगळा हिशेब आहे.

घोड्यांबाबत हा हिशेब प्रत्यक्ष घडलेला आहे. १९१५ च्या आसपास अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींहून जास्त होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांच्या आसपास उरली. घोडा ओढायचं विसरला नव्हता, मधल्या काळात ट्रक आणि ट्रॅक्टर आले. घोड्याच्या कामाची किंमत त्याच्या दाणापाण्याच्या खर्चाखाली गेली, एवढंच झालं. माणसाचंही घोड्यासारखं होईल का, हा प्रश्न वासिली लिओन्टिएफ या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञानं विचारला होता. आणि ज्या रिकार्डोंचा दाखला सारखा दिला जातो, त्यांनी स्वतः १८२१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवं प्रकरण घातलं. यंत्रं मजुरांचं नुकसान करू शकतात, आधीचं आपलं मत चुकीचं होतं, असं त्यात लिहिलं. तुलनात्मक लाभ सांगताना हे प्रकरण सहसा कुणी काढत नाही, म्हणून इथं मुद्दाम सांगतोय.

माणूस घोडा नाही, हे खरं. माणूस नवं काम शिकतो, मत देतो आणि मुख्य म्हणजे मालक होऊ शकतो. यंत्रानं कमावलेला पैसा यंत्राच्या मालकाकडं जातो, म्हणून मजुरी पडली तर सगळा प्रश्न मालकीवर येऊन थांबतो. या जिल्ह्याला हे समजावायला नको. उसाचा कारखाना सभासदांचा, दुधाचा संघ गावोगावच्या संस्थांचा, अशी मालकी इथल्या लोकांनी उभी केली. गोकुळ १९६३ चं आहे. तिथं राजकारण, भांडणं सगळं आहे, पण गाळपाचं यंत्र ऊस पिकवणाऱ्याच्या मालकीचं असू शकतं हे इथं करून दाखवलं गेलं. एआयमध्ये हे जड जाणार, कारण मोठी मॉडेल्स घडवायला लागणारं भांडवल जगातल्या मोजक्याच कंपन्यांकडं आहे आणि शेअर भांडवल गोळा करून ते गाठता येण्यातलं नाही.

घाबरणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. एकेक नोकरी म्हणजे अनेक कामांची मोळी असते. २०१६ मध्ये एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्टना शिकवणं आता थांबवावं, पाचेक वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. हेच हिंटन पुढं २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. रेडिओलॉजिस्ट आजही लागतात, कारण एक्स-रे वाचणं हा त्यांच्या कामाचा एकच भाग आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतही तेच. डिझाइन संगणकावर होईल, तयार कास्टिंगची तपासणी कॅमेरा करेल. पण साचा का फाटला, वाळूत ओल जास्त झाली का, भट्टीतला धातू ओतायला तयार आहे का, ऑर्डर चार दिवस लांबली तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ही सगळी कामं जोपर्यंत माणसाकडं आहेत तोपर्यंत त्या माणसाचं मोल उलट वाढतं. साखळीतल्या नव्वद कड्या स्वस्त झाल्या की उरलेल्या दहा कड्यांना जास्त भाव येतो. मोळीतली शेवटची काडीही यंत्रानं उचलली, की हा आधार संपतो. तो दिवस कधी येईल, की येणारच नाही, हा दुसरा प्रश्न.

वेग

वेगाच्या बाबतीत अर्थतज्ज्ञांचा स्वभाव थंड आहे आणि त्याला इतिहासाचं कारण आहे. १९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी लिहिलं की संगणकयुग सगळीकडं दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. अमेरिकेच्या आकड्यांत ते दिसायला नव्वदीचं दशक अर्धं उलटावं लागलं. १९९० मध्ये पॉल डेव्हिड या इतिहासकारानं त्याचं एक कारण विजेच्या इतिहासातून दाखवलं. एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ ला सुरू झालं, पण अमेरिकन कारखान्यांची उत्पादकता खरी वाढली ती १९२० च्या दशकात. आधी मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. छताखालून फिरणारा लांब शाफ्ट, त्यावरून प्रत्येक यंत्रावर उतरणारे पट्टे. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर द्यायची आणि कारखानाच नव्यानं मांडायचा, हे उमगायला आणि करायला एक पिढी गेली. जुन्या लेथच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी असे पट्टे पाहिलेत, त्यांना यात किती काय बदलावं लागतं हे पटेल.

एआयबद्दलचे अंदाज किती लांबलांब पडतात बघा. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेनं २०२३ मध्ये म्हटलं की साधारण दहा वर्षांत जगाचं उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढू शकेल. डॅरन ॲसेमोग्लू यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला तो अमेरिकेच्या एकूण उत्पादकतेचा, दहा वर्षांत जेमतेम ०.७ टक्क्यापर्यंत. त्याच वर्षी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, तरी अंतर लपत नाही. ॲसेमोग्लूंची पद्धत सोपी आहे: अर्थव्यवस्थेतली किती टक्के कामं एआयनं परवडतील आणि प्रत्येकात किती खर्च वाचेल, यांचा गुणाकार. आजच्या एआयला धरला तर मला तो पटतो.

धोक्याचं बोलणाऱ्यांचं म्हणणं या गुणाकाराच्या बाहेरचं आहे. १९६५ मध्ये आय. जे. गुड या गणितज्ञानं मांडलं की यंत्रं घडवणं हेही एक बौद्धिक कामच आहे. माणसापेक्षा हुशार यंत्र झालं, तर ते स्वतःपेक्षा सरस यंत्र घडवेल, ते पुढचं घडवेल आणि माणूस मागं राहील. २००८ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन आणि एआयच्या धोक्याचा इशारा देणारे एलिझर युडकोवस्की यांच्यात यावरूनच लांबलचक वाद झाला. सुधारणा हजारो ठिकाणी थोडी थोडी होते आणि सगळीकडं पसरते, असं हॅन्सन यांचं म्हणणं. एकाच यंत्रात ती अचानक उसळू शकते, असं युडकोवस्की यांचं.

या गाठीचं अर्थशास्त्रीय रूप मला फार मोलाचं वाटतं, कारण इथं दोन्ही बाजू एकाच सूत्रावर बोलू शकतात. वाढीच्या सिद्धांतात पॉल रोमर यांनी १९९० मध्ये कल्पनांना मध्यभागी आणलं. कल्पना एकानं वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, त्यामुळं कल्पना काढणारे वाढले की सगळ्यांचंच उत्पन्न वाढतं. पण निकोलस ब्लूम, चार्ल्स जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये उलट बाजूही मोजून दाखवली. चिपवरच्या ट्रान्झिस्टरची दर दोन वर्षांची दुप्पट टिकवायला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या तुलनेत १८ पट संशोधक लागतात. सोप्या कल्पना आधी निघतात, पुढच्या अवघड होत जातात. म्हणजे दोन ताकदी समोरासमोर आहेत. एआय स्वतः संशोधन करू लागलं तर संशोधकांची संख्या चिपच्या वेगानं वाढेल. दुसरीकडं प्रत्येक नवी कल्पना आधीच्यापेक्षा महाग पडेल. पहिली ताकद जास्त निघाली तर गुड यांचं म्हणणं खरं ठरेल, दुसरी जास्त निघाली तर हॅन्सन यांचं. ही गोष्ट मोजता येण्याजोगी आहे.

आणखी एक युक्तिवाद आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण तो कोणत्याही पतसंस्थेच्या काउंटरवर बसून समजतो. २०२३ मध्ये बेसिल हॅल्परिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं: लोकांना मोठा बदल खरंच जवळ वाटत असेल, तर व्याजदर काय व्हायला हवेत? वीस वर्षांत आपण कितीतरी पट श्रीमंत होणार असू, तर आज पोटाला चिमटा घेऊन ठेव कशाला ठेवायची? आणि जगच राहणार नसेल, तर ती ठेव कुणासाठी? दोन्ही शक्यतांत बचत आटते, उसनवारी वाढते, म्हणून महागाई वजा केल्यावरचा खरा व्याजदर चढायला हवा. त्यांनी बाजार पाहिला आणि असं काही दिसलं नाही. याचा अर्थ बाजाराला नजीकच्या काळात ना सुवर्णयुग दिसतंय, ना विनाश.

"पाच वर्षांत सगळं बदलणार" असं म्हणणाऱ्यानं याला उत्तर दिलं पाहिजे. उत्तर असू शकतं. बाजार उशिरा जागे होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कोविड चीनबाहेर पसरू लागला होता, तरी अमेरिकन शेअर बाजार त्या महिन्याच्या १९ तारखेपर्यंत उच्चांकावर होता. पण बाजार चुकतोय म्हणणाऱ्यावर तो का चुकतोय हे दाखवायची जबाबदारी येते, आणि ती टाळली की वाद नुसत्या मतांचा उरतो.

ताबा कुणाचा

आता तिसरा प्रश्न. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, आणि गोंधळही इथंच सगळ्यात जास्त होतो.

रिकार्डोंच्या पोर्तुगालनं इंग्लंडशी व्यापार केला, कारण दोघांनी एकमेकांची मालमत्ता आणि करार मानले असं नियमानं आधीच धरलंय. बलवान बाजूनं व्यापार का करावा, सरळ काढून का घेऊ नये, याचं उत्तर तुलनात्मक लाभाच्या नियमात नाहीच. ते कायद्यात आणि ताकदीच्या समतोलात असतं. १८४४ मध्ये याच मुलखात गडकऱ्यांचा उठाव झाला. कोल्हापूर संस्थानच्या किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करणाऱ्या गडकऱ्यांचे जमिनींवरचे जुने हक्क कंपनी सरकारच्या वर्चस्वाखालच्या नव्या कारभारानं काढून घ्यायला सुरुवात केली. सामानगडापासून उठाव पेटला, पन्हाळ्यापर्यंत गेला आणि मोडला गेला. गडकऱ्यांना किल्ला राखण्यात तुलनात्मक लाभ होता की नव्हता, हे कुणी विचारलं नाही. म्हणून "एआय जास्त हुशार झालं तरी आपल्याशी व्यवहार करणं त्याच्या फायद्याचंच असेल" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, त्याला करार पाळायला लावणार कोण?

अर्थशास्त्रात या प्रश्नाला भिडणारी शाखा आहे. काम सोपवणारा आणि काम करणारा यांचं हित एक नसतं आणि करणाऱ्याला जास्त माहिती असते. मग करार कसा करायचा, लक्ष कसं ठेवायचं? मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी १९७६ मध्ये कंपन्यांच्या संदर्भात याची मांडणी पक्की केली. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर ठरतो, केंद्र सरकारच्या एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा पाया १०.२५ टक्के उताऱ्याचा आहे, आणि उतारा काढायची प्रयोगशाळा असते कारखान्याच्या आवारात. वजनकाटाही तिथलाच. म्हणून शेतकरी बाहेरच्या काट्यावर वजन करून आणतो, आंदोलन करतो, साखर आयुक्तांकडं जातो, सभासद असेल तर निवडणुकीत पॅनेल पाडतो.

एआयच्या बाबतीत कारखाना म्हणजे ते यंत्रच, आणि आपण शेतकरी. यंत्राला आपण जे मोजमाप देतो ते ते वाढवतं. मनातला हेतू त्याला दिसेलच असं नाही. ओपनएआय या अमेरिकन संस्थेनं २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ गेमवर यंत्राला शिकवलं. शर्यत पूर्ण करायची, हा हेतू. मोजमाप होतं गुणांचं. यंत्र एका कोपऱ्यात गोल गोल फिरून वाटेतली बक्षिसं पुन्हा पुन्हा गोळा करत बसलं, शर्यत पूर्ण केली नाही, तरी गुण माणसांपेक्षा जास्त मिळवले. इथपर्यंत ही अनवधानाची गोष्ट म्हणता येते. पण डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक ही एआय कंपनी आणि रेडवुड रिसर्च ही संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपली उत्तरं प्रशिक्षणासाठी वापरली जाणार असं मॉडेलला वाटलं की ते काही वेळा वेगळं वागायचं, आणि त्याच्या कच्च्या टिपणांत कारण लिहिलेलं असायचं: आपला स्वभाव बदलला जाऊ नये म्हणून. परिस्थिती प्रयोगशाळेत मुद्दाम उभी केलेली होती. तरी तपासणी चालू आहे हे ओळखून वागणं बदलणारा कामगार ही जुनी अडचण यंत्रात दिसली, हे मला हलकं वाटत नाही.

हॅन्सन यांचा इथला आक्षेप गंभीर आहे आणि धोक्याच्या बाजूनं त्याला क्वचितच नीट उत्तर दिलं जातं. ते म्हणतात की या शाखेच्या अभ्यासात, करणारा जितका हुशार तितकं सोपवणाऱ्याचं नुकसान मोठं, असं कुठंही निघत नाही. हुशार वकील, हुशार डॉक्टर आपण रोज नेमतो. थोडी जास्त फी जाते, पण सर्वस्व जात नाही. बरोबर. पण सर्वस्व का जात नाही, ते बघा. वकिलाची सनद जाऊ शकते, डॉक्टरवर खटला होऊ शकतो, दोघांना याच गावात राहायचं असतं आणि दोघांच्याही हजार प्रती एका रात्रीत निघत नाहीत. शेतकऱ्याकडं बाहेरचा काटा, आयुक्त आणि निवडणूक आहे. अशी कोणती गोष्ट आपल्याकडं यंत्राविरुद्ध आहे? ती बांधता येईल असं मला वाटतं. पण ती आपोआप तयार असेल असं गृहीत धरणं म्हणजे अर्थशास्त्राचं उत्तर घेणं आणि त्याच्या अटी सोडून देणं.

मग कंपन्या स्वतःच सावध का राहत नाहीत? याचं उत्तर पंचगंगेत आहे. कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडलं तर खर्च वाचतो सोडणाऱ्याचा आणि आजारी पडतो खालच्या गावातला माणूस. २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळं इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती लोक विसरलेले नाहीत. स्वतःच्या व्यवहाराचा खर्च तिसऱ्यावर पडणं, याची शास्त्रीय मांडणी आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये केली आणि त्यावर कर हा उपाय सुचवला. एआयच्या मोठ्या धोक्याला हा उपाय अर्धाच पुरतो, कारण नुकसान झाल्यावर भरपाई मागायची तर मागणारा आणि देणारा दोघंही शिल्लक हवेत. स्टीव्हन शॅव्हेल यांनी १९८६ मध्येच दाखवलं की ज्याच्या हातून होणारं नुकसान त्याच्या ऐपतीपेक्षा मोठं असतं, त्याला भरपाईचा धाक पुरेसा सावध ठेवत नाही. अशा ठिकाणी नियम आधीच लागतात, बॉयलरला लागतात तसे.

मे २०२३ मध्ये एक वाक्याचं निवेदन निघालं: एआयमुळं मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महामारी आणि अणुयुद्धाच्या धोक्याइतकंच जागतिक प्राधान्याचं असलं पाहिजे. हिंटन आणि एआय संशोधक योशुआ बेंजिओ यांच्याबरोबर ओपनएआय, डीपमाइंड आणि अँथ्रॉपिक या एआय कंपन्यांच्या प्रमुखांनीही त्यावर सह्या केल्या. सही करणारेच ते यंत्र बनवतात, मग हे ढोंग आहे, असं अनेकजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. प्रत्येक कंपनीला वाटतं, मी थांबलो तर दुसरा पुढं जाईल आणि धोका तेवढाच राहील. प्रत्येकाचा निर्णय एकट्यापुरता समंजस आणि सगळ्यांचा मिळून घातक, ही स्थिती अर्थशास्त्रात अतिशय परिचित आहे. ती एकट्याच्या चांगुलपणानं सुटत नाही, सगळ्यांवर बंधनकारक करारानंच सुटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये भारत, चीन आणि अमेरिकेसह २८ देशांनी आणि युरोपीय संघानं धोका मान्य करणारा जाहीरनामा केला, पण त्यात बंधन नव्हतं. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला आणि त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं येत आहेत.

धोका किती पत्करावा, यावरही अर्थशास्त्राकडं सांगण्यासारखं आहे. चार्ल्स जोन्स यांनी मांडलं की हे उत्तर एका गोष्टीवर टांगलेलं आहे: पोट भरल्यावर जास्तीचा पैसा आपल्याला किती मोलाचा वाटतो. श्रीमंती वाढेल तसं जास्तीच्या पैशाचं मोल लवकर घसरत असेल, तर नुसत्या मोठ्या उत्पन्नासाठी जिवाचा थोडा धोकाही परवडत नाही. पण एआयमुळं आजार आटोक्यात येऊन आयुष्यच वाढणार असेल, तर हिशेब बदलतो, कारण आता दोन्ही पारड्यांत जीवच आहेत. धोक्याची टक्केवारी प्रत्येकजण वेगळी सांगतो आणि त्यावर भांडतो. पण या दुसऱ्या प्रश्नावर, आपण कशासाठी काय पणाला लावतोय यावर, बोलणं फार कमी होतं.

माझा कल लपवत नाही. आजच्या यंत्रांच्या आणि पुढच्या काही वर्षांतल्या नोकऱ्यांच्या बाबतीत मी ॲसेमोग्लूंच्या जवळ आहे आणि ताब्याच्या बाबतीत हिंटन यांच्या. मत बदलायला मला दोन गोष्टी पुरतील. एआय कंपन्यांच्या संशोधनाचा वाढता भाग खुद्द एआय करत असूनही सुधारणेचा वेग वाढत नाही असं दिसलं, तर मी हॅन्सन यांचं म्हणणं बरंच मान्य करीन. आणि मॉडेलची तपासणी बनवणाऱ्याच्या हातून काढून, पूर्ण मुभा असलेल्या त्रयस्थाकडं गेली, तर माझी काळजी पुष्कळ कमी होईल. पहिली गोष्ट कळायला लागणारा आकडा, म्हणजे संशोधनाचं किती काम यंत्र स्वतः करतंय, कंपन्यांच्या आतच तयार होतो. तो ठरावीक मुदतीनं जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक व्हावं, अशी माझी मागणी आहे.